घोड्याच्या घरातला वजीर

जिल्ह्याच्या बुद्धिबळ मंडळाने काढलेल्या स्मरणिकेत पहिल्याच पानावर माझं छायाचित्र आहे. या भागात बुद्धिबळाची स्पर्धा सुरू करण्याचं श्रेय माझं, असं त्याखाली लिहिलंय. छापण्याआधी तो मजकूर मला वाचायला दिला होता. मी त्यातली एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि कागद परत पाठवला.

स्पर्धा मी सुरू केली नाही. ती नळदुर्गला एका खानावळीच्या पडवीत सुरू झाली, आणि सुरू करणारी एक बाई होती. ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची. एवढं लिहून थांबता आलं असतं. पण मग ती स्पर्धा तिच्या पडवीतून आमच्या मंडळात कशी आली, हे तसंच राहील. ते ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलोय.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर काही वर्षांनी मी नळदुर्गच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. माझं गाव तामलवाडीच्या बाजूचं. रोज घरी जाणं शक्य नव्हतं, म्हणून सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या एका खानावळीत महिना लावला. खानावळ एका लिंगायत विधवेची होती. वय चाळिशीच्या आसपास, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज असा की रस्त्यापलीकडच्या ट्रकमधला क्लीनर उठून बसावा. ड्रायव्हरांशी दखनीत, आमच्याशी मराठीत आणि चुलीशी कन्नडमध्ये बोलायची. लहानथोर सगळे तिला अक्का म्हणायचे.

खेळ तिला सासऱ्याने शिकवला. त्यांचं अर्धं अंग गेलं तेव्हा त्यांच्याशी खेळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून सुनेला बसवलं. पण सुनेला बसायला वेळ कुठला? ती चुलीपुढूनच चाल सांगायची आणि सासरा डाव्या हाताने दोघांचे मोहरे हलवायचा. त्या सवयीमुळे पुढेही ती पटासमोर कधी बसली नाही. आम्ही पडवीत पट मांडून बसायचो, ती आत भाकरी थापत असायची. कुणीतरी आमची खेळी ओरडून सांगायचं, थापण्याचा आवाज क्षणभर थांबायचा, आणि आतून उत्तर यायचं. "उंट घे आन् हत्तीपुढं ठेव." पट न बघता.

पोलीस ॲक्शननंतर गावात बरीच वर्षं कुणी कुणाच्या ओट्यावर सहज बसत नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारे मुसलमान खरादी होते. खाटेचे खूर, पाळण्याचे खांब, लाटणी असलं काम करायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पूर्वी ते गावातले नावाजलेले खेळाडू होते, पण आता दुकानाबाहेर पडत नव्हते. अक्काने त्यांना निरोप धाडला की बुद्धिबळाचे मोहरे करून द्या. त्यांनी करून आणले. तिने एकेक मोहरा बोटांत फिरवला आणि म्हणाली, "घोडा गाढवासारका झालाय. चालतो का बगू. बसा, खेळून दाखवा." चाचा बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी खेळायला दोन वाणी आले, मग एक टांगेवाला, मग शाळेतले आम्ही. त्या पडवीत किती जुने अबोले मोडले, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

चैत्रात सुगी सरली की ती तीन दिवस सामने भरवायची. तेरहून, तुळजापूरहून, पार आळंद-अक्कलकोटच्या बाजूनं लोक यायचे. तिन्ही दिवस खेळणाऱ्यांना जेवण तिचं. जिंकणाऱ्याला ती स्वतःच्या हाताने फेटा द्यायची. एका वर्षी पाऊस गेला होता, तेव्हा तिने कण्या शिजवून घातल्या पण सामने चुकवले नाहीत. "पोटाला कमी पडंल, डोक्याला न्हाय पडणार," म्हणाली.

तेव्हा आमच्याकडे देशी डाव चालायचा. प्यादं एकच घर सरकायचं. पलीकडच्या टोकाला पोचलं की ते त्या घराचा मोहरा व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. वजीर करायचा तर राजाच्या नाही तर वजिराच्याच घरात जावं लागायचं. आणि समोरच्याचं सगळं मारून नुसता राजा उरवला तर डाव बुर्ज व्हायचा, म्हणजे बरोबरीत सुटायचा. त्यामुळे जिंकणाऱ्याला समोरच्याचं एखादं प्यादं जिवंत ठेवावंच लागे. इतरांसाठी तो नियम होता. अक्का त्याला रीत म्हणायची. "मानसाला भिकारी करून मारू न्हाय. घरदार असताना मारावं."

तिची दया तेवढीच. बाकी ती निर्दय होती, आणि हे मी लपवणार नाही. प्याद्याने मात करणं हा या खेळातला सगळ्यात मोठा मान, आणि तशी मात खाणं ही सगळ्यात मोठी फजिती. तिच्याकडे नियम होता की प्यादेमात खाणाऱ्याने त्या दिवशी पंगतीतली सगळ्यांची उष्टी ताटं उचलायची. वाणी असो, टांगेवाला असो, मास्तर असो.

मला बघायला एक गृहस्थ आले होते. मुलीचे वडील. त्यांना घेऊन मी खानावळीत जेवायला गेलो. त्यांनीच हौसेने म्हटलं, मास्तरांचा खेळ बघू. मला वाटलं, आज तरी ही बाई समजून घेईल.

"मास्तर, पावन्यांना कळू दे की, नवरदेव किती पान्यात हाय," आतून आवाज आला.

माझी प्यादेमात झाली. मी हसून उठायला लागलो.

"उठलास कुठं? ताटं कोन काढनार? पावन्यांचं बी उचल. सासऱ्याचं उचलायची सवय लागू दे."

पडवी हसली. मुलीचे वडीलही पोट धरून हसले. मी त्यांचं ताट उचललं, त्यात अर्धी खाल्लेली मिरची होती. आठ दिवसांनी निरोप आला की उष्टी काढणारा जावई आम्हाला परवडायचा नाही.

अक्काला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. हितं हसला आन् घरी जाऊन रडला, असल्याची लेक कशाला?" आणि पुढच्याच महिन्यात ती स्वतः तेरला जाऊन माझ्यासाठी मुलगी बघून आली. तीच माझी बायको. संसार सुखाचा झाला. तरी ती मिरची माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही.

मराठी मुलूख एका राज्यात आला आणि पुण्याकडून बदलून आलेले एक अधिकारी धाराशिवला रुजू झाले. बुद्धिबळाचे शौकीन. त्यांनी शहरात मंडळ काढलं. शिकलेला आणि खेळणारा म्हणून मला त्यात घेतलं. साहेबांनी जवळ बोलवून खांद्यावर हात ठेवला, की त्या काळी तेवढ्याने माणूस फुगायचा. मीही फुगलो. माझी धाराशिवला बदली होईल असं त्यांनी सुचवलंही होतं.

त्या चैत्रात साहेब नळदुर्गचे सामने बघायला आले. पडवीत खुर्ची नव्हती, शाळेतून आणवली. ते तासभर बसले आणि म्हणाले, "छान आहे. पण जिल्ह्याची स्पर्धा काय खानावळीत भरवायची? आणि हे जुने नियम आता जगात कुठेच चालत नाहीत. पुढच्या वर्षीपासून हे सगळं मंडळाकडे द्या."

अक्का हात पुसत बाहेर आली. "का म्हनून? तुमी या की हिकडं. जेवायला घालीन."

साहेबांबरोबरचे लोक हसले. एक वकील म्हणाला, "बाई, बुद्धिबळ म्हणजे पिठलं नव्हे."

"व्हय, पिठल्यात गुठळ्या झाल्या तर दिसत्यात. तुमच्या डोक्यातल्या दिसत न्हाईत," अक्का म्हणाली. आता पडवीतले लोक हसले, आणि वकिलाचं तोंड उतरलं.

साहेब मात्र शांत होते. त्यांनी तोड काढली. पंधरा दिवसांनी नव्या नियमांनी एक डाव होईल. मंडळातर्फे मास्तर खेळतील. बाई जिंकल्या तर स्पर्धा नळदुर्गलाच राहील आणि मंडळ दरवर्षी इथे येईल. हरल्या तर पट, मोहरे आणि स्पर्धा मंडळाकडे. आणि डाव पटासमोर बसून खेळायचा, आतून ओरडून नाही.

अक्का माझ्याकडे बघून हसली. "हा? ह्याला तर मी झोपेत मारीन. कबूल."

नवे नियम तिला समजावून सांगायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. फरक चार होते. पहिल्या खेळीला प्यादं दोन घरं जाऊ शकतं. राजाने घोड्यासारखी एक उडी घ्यायची जुनी मुभा गेली, त्याऐवजी राजा आणि हत्ती यांचा किल्ला करता येतो. शेवटच्या रांगेत पोचलेलं प्यादं कुठल्याही घरात वजीर होतं. आणि बुर्ज नाही. नुसता राजा उरला तरी मात करता येते.

मी चुलीपुढे पाटावर बसलो. तिने मला गरम भाकरी वाढली, वर शेंगांची चटणी. मी जेवता जेवता पहिले दोन फरक सांगितले. तिने ते दोनदा म्हणवून घेतले.

"आनि काय?" तिने विचारलं.

"बाकी सगळं तेच," मी म्हणालो.

तोंडात घास होता. ते वाक्य मी घरून ठरवून आलो नव्हतो, हे खरं आहे. पण नंतर पंधरा दिवस मी रोज तिथेच जेवत होतो. दोन्ही वेळा. सांगायला वेळ नव्हता असं काही नाही.

डाव शाळेच्या हॉलमध्ये झाला. गाव लोटलं होतं. अक्का जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसून खेळत होती. पाय कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं, शेवटी तिने खुर्चीवरच मांडी घातली. वकील काहीतरी पुटपुटला आणि मंडळाचे लोक खिदळले. सुरुवातीला ती अडखळली. पट डोळ्यांपुढे असणं हीच तिची अडचण होती. मग तिने चक्क डोळे मिटले आणि हात गुडघ्यावर थापायला सुरुवात केली, भाकरी थापल्यासारखा. तिथून पुढे मी संपत गेलो. माझा वजीर गेला, दोन्ही हत्ती गेले, घोडे गेले. शेवटी माझ्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं. प्यादं घोड्याच्या घराच्या सरळ रेषेत होतं, शेवटच्या रांगेपासून दोन घरं अलीकडे. तिच्याकडे एक हत्ती आणि दोन प्यादी होती.

माझं ते प्यादं ती केव्हाही मारू शकत होती. तिच्या हत्तीच्या वाटेतच होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, डाव बुर्ज होऊ नये म्हणून ते सोडून दिलं आणि आपलं प्यादं माझ्या राजाकडे ढकललं. गावकऱ्यांना कळलं. प्यादेमात येत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, बाह्या सावरा!"

मी माझं प्यादं पुढे सरकवलं.

"ने, ने," अक्का म्हणाली. "घोडा कर. हितं गवत न्हाय तेवडं बग." हॉल हसला. तिने आपलं प्यादं आणखी एक घर पुढे घेतलं. पुढच्या खेळीला मात होती.

मी माझं प्यादं शेवटच्या घरात ठेवलं, बाजूला पडलेला माझा मेलेला वजीर उचलला आणि त्या जागी ठेवला. "वजीर. शह," मी म्हणालो.

ती खरोखर मनापासून हसली. "मास्तर, घोड्याच्या घरात वजीर? घाबरून घर चुकलास व्हय?" मग तिने साहेबांकडे पाहिलं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "नव्या नियमाने कुठेही वजीर होतो. बाईंना हे सांगितलं होतं ना, मास्तर?"

अक्का माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. पंगतीत वाढायचं काही राहिलं की ती जशी बघायची, तशी. मला वाटतं, मी विसरलो असं म्हणालो असतो तर तिने ते मान्य केलं असतं आणि डावही सोडून दिला असता.

"सांगितलं होतं, साहेब," मी म्हणालो. "दोनदा सांगितलं. त्यांच्या ध्यानात राहिलं नसेल."

"राहणार कसं?" वकील मोठ्याने म्हणाला. "डोक्यात आमटी उकळत असते." या वेळी गावकरीही हसले. जे तिच्या घरचं जेवले होते तेच.

अक्काने राजा हलवला. माझ्या वजिराने तिचा हत्ती घेतला. तिथून माझा विजय ठरलेला होता, आणि मी थोड्या खेळ्यांत मात करू शकलो असतो. मी केली नाही. मी आधी तिचं एक प्यादं मारलं, मग दुसरं. पटावर तिचा नुसता राजा उरला. मी तो राजा पटभर हाकलला, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. मंडळाचे लोक प्रत्येक शहाला टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेत बसलेले खरादी चाचा उठले. "ये खेल नहीं है," एवढंच म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. त्यानंतर मी मात केली.

फेटा तिनेच द्यायचा होता, साहेबांनी तसा आग्रह धरला. तिने तो माझ्या डोक्यावर बांधला. बांधताना कानाशी वाकून म्हणाली, "मास्तर, तुमी लई शिकलात." इतकी वर्षं ती मला अरे-तुरे करायची. त्यानंतर कधीच केलं नाही.

माझी बदली झाली. मंडळाचा चिटणीस झालो. चाचांनी केलेले मोहरे आम्ही धाराशिवला आणून एका कपाटात टाकले आणि मुंबईहून नवे मागवले. पुढच्या चैत्रात स्पर्धा शहरात भरली. पहिल्या दिवशी सकाळच्या एसटीने अक्का आली.

"मास्तर, माझं नाव घाला."

"अक्का, बायकांची सोय नाही इथे."

"सोय कशाला पायजे? खुर्चीवर मांडी घालून बसते की."

टेबलाभोवतीचे लोक हसू दाबत होते. माझ्या हातात नाव लिहायचा कागद होता आणि जागा रिकामी होती. मी म्हणालो, "त्यापेक्षा असं करता का? आचारी आला नाही आज. जेवणाचं तेवढं बघा."

तिने मागे वळून पाहिलं. बाहेर गावोगावहून आलेले खेळाडू बसले होते. त्यांतले निम्मे पूर्वी तिच्या पंगतीला जेवलेले. ती मागच्या शेडकडे गेली, पदर खोचला आणि सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या. दुपारच्या गाडीने परत गेली. एकही डाव तिने बघितला नाही. समारोपात मी आभार मानले. साहेबांचे, वकिलांचे, खुर्च्या देणाऱ्या मंडपवाल्याचे.

नळदुर्गच्या पडवीत पुन्हा पट मांडला गेला नाही असं ऐकत होतो. खरं काय ते विचारायला मी गेलो नाही.

बऱ्याच वर्षांनी उमरग्याला सामने होते. आमच्या मंडळाचा एक कॉलेजातला मुलगा जिल्ह्यात पहिला आला होता, त्याला घेऊन मी निघालो. नळदुर्गलाच एसटी बंद पडली. दुसरी येईपर्यंत जेवून घ्या, असं कंडक्टर म्हणाला. मुलगा भुकेला होता. तो सरळ त्या खानावळीत शिरला.

अक्का म्हातारी झाली होती. तिने मला ओळखलं. वाढलं. मुलगा जेवता जेवता खिशातला छोटा पट काढून कुठलासा डाव बघत बसला होता.

"खेळतोस का बाळा?" तिने विचारलं. "एक डाव मांड. नव्या नियमानं."

मुलगा माझ्याकडे बघून हसला. म्हातारीची हौस म्हणून त्याने मांडला. ती समोर बसली नाही. चुलीकडे गेली आणि आतून चाल सांगायला लागली. दहा-बारा खेळ्यांत मुलाचं हसू गेलं. किल्ला, दोन घरांचं प्यादं, सगळं तिला पाठ होतं. कुणाकडून शिकली कोण जाणे. अर्ध्या डावात मुलाचा राजा कोंडला गेला. मला मात दिसत होती, मुलालाही दिसत होती. त्याने राजा आडवा करायला हात पुढे केला.

"हात काढ," ती आतून म्हणाली. "अजून तुजी प्यादी हायेत."

तिने मात केली नाही. एकेक करून त्याचं सगळं मारलं. घोडा, उंट, मग प्यादी, कडेला पडलेलं एक निरुपयोगी प्यादंसुद्धा. मुलाचे कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं. नुसता राजा उरला तरी ती त्याला घराघरातून हाकलत राहिली. आत भाकरी थापण्याचा आवाज एकदाही चुकला नाही. शेवटी मात झाली तेव्हा ती बाहेर आली आणि मुलाच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"आसंच खेळायचं असतंय आता," ती त्याला म्हणाली. "तुज्या मास्तरांनी शिकवलं न्हाय व्हय?"

मुलाने भाकरी तशीच ठेवली. दुसरी एसटी आली. आम्ही खिडकीशी बसलो. गाडी गाव सोडून बरीच पुढे गेल्यावर त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "सर, ही बाई कोण? आपल्या मंडळात का नाही?"

तेव्हा सांगता आलं असतं. गाडीत आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं.

"खानावळवाली आहे," मी म्हणालो. "वेळ जात नाही म्हणून खेळते."